डोंग्याला शीड लावण्याआधी

गोंदिया म्हणजे तलावांचा जिल्हा. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, इटियाडोह. पाण्याला तोटा नाही. छोटी नाव घ्यावी, वल्हवावी, वारा मिळाला तर शीडही उभारावं, अशी हौस कुणालाही होईल. हौसेबरोबर येणाऱ्या काही समजुती मात्र काठावरच सोडलेल्या बऱ्या.

‘ढिवराच्या डोंग्याला काठी ठोकून ताडपत्री बांधली की झालं!’ वारा पाठीमागून असेल तोवर हे खरं वाटतं. तो बाजूने आला की डोंगा खेकड्यासारखा आडवा सरकतो, कारण पाण्याखाली त्याला धरून ठेवणारं काही नसतं. समुद्रातल्या नावेला त्यासाठी खोल कणा असतो. आपल्याकडे तो नकोच. मालगुजारी तलाव उथळ, उन्हाळ्यात आणखी आटणारे, वर पाणवनस्पतींचा गुंता. धरणांत बुडालेल्या झाडांची खुंटं. इथे उपयोगी पडते ती बाजूफळी. नावेच्या काठाला एकाच बोल्टवर अडकवलेली ही फळी खुंटाला लागली की मागे फिरून वर येते. हॉलंडच्या उथळ पाण्यातल्या जुन्या नावांना अशाच फळ्या असत. सुकाणूही असंच उचललं जाणारं हवं.

अरुंद नाव कलंडू नये म्हणून कोकणात उलांडी लावतात : आडव्या दांड्यांनी नावेपासून दूर धरलेला, पाण्यावर तरंगणारा ओंडका. युक्ती नामी आहे, पण उलांडी त्या बाजूच्या वल्ह्याच्या आड येते आणि गवतात अडकते. त्यापेक्षा मुळातच थोडी रुंद नाव घ्यावी.

थोडीच, हं. ‘जितकी रुंद तितकी चांगली’ हाही गैरसमजच. रुंद नाव वल्हवताना दंड भरून येतात. दोघांसाठी 12 ते 14 फूट लांब आणि सुमारे 4 फूट रुंद नाव पुरते. तिला साडेसात-आठ फुटी वल्ही लागतात. आखूड वल्ह्यांनी नुसतं पाणी उडतं.

शिडाची नाव वाऱ्याविरुद्ध जात नाही, असंही म्हणतात. नाकासमोर जात नाही हे खरं. पण वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन धरून, आलटून पालटून दिशा बदलत ती वर चढते. बाजूफळी असेल तरच.

‘मोठं शीड, जास्त वेग’ ही समजूत सगळ्यांत धोक्याची. वारा दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. नवेगावबांधाभोवती सात बहिणींचे डोंगर आहेत. अशा ठिकाणी वारा झोताझोताने येतो, दिशा बदलतो. शीड लहान ठेवा, त्याची दोरी नावेला बांधू नका, हातात धरा. झोत आला की सोडता आली पाहिजे.

‘पोहता येतं, जॅकेट कशाला?’ जॅकेट घालायचंच. नाव उलटली तर काठ जवळ दिसला तरी पोहत निघू नका, नावेला धरून राहा. त्यासाठी ती तरंगती राहायला हवी. पाणी भरलं की पत्र्याची नाव बुडते, हवाबंद कप्पे नसतील तर फायबरचीही. बाकांखाली 20 लिटरचे सहा रिकामे, घट्ट बुचाचे कॅन पक्के बांधा. सुमारे 120 किलोंचा आधार मिळतो.

आणि तलाव सार्वजनिक म्हणजे नाव खुशाल घालावी, असंही नाही. कुठे पाटबंधारे विभाग, कुठे जिल्हा परिषद, नवेगावात व्याघ्र प्रकल्पामुळे वन विभाग, शिवाय मासेमारी संस्थांची जाळी. नावेचे पैसे मोजण्याआधी परवानगीची चौकशी करा, आणि खुंटं कुठे आहेत ते तिथल्या ढिवरांना विचारा.