ताकद मोठी की सराव मोठा?

आमच्या हिंगण्यात शाळा सुटली की मुले मोबाईलवर निरनिराळे खेळ खेळताना दिसतात. त्यांपैकी एका प्रकाराला 'रोल प्लेइंग गेम', म्हणजे भूमिका-खेळ म्हणतात. यात खेळाडू एखादे पात्र बनतो. त्या पात्राच्या नावापुढे दोन तऱ्हेचे आकडे असतात. बळ, चपळाई, बुद्धी हे अंगभूत गुण. आणि चढणे, नेम धरणे, कुलूप उघडणे ही शिकलेली कौशल्ये. आता झाडावर चढायचे तर बळ हवे आणि सरावही हवा. मग या दोन आकड्यांचा मेळ खेळात कसा घालतात? त्याचे गणित मोठे मनोरंजक आहे.

या खेळांची सुरुवात संगणकावर नव्हे, तर कागद, पेन्सिल आणि फाशांवर झाली. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात सहा अंगभूत गुण होते. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकून त्यांची बेरीज घेत. तीन फासे एकूण २१६ प्रकारे पडू शकतात. पैकी १८ ही बेरीज एकाच प्रकारे येते, पण १० ही २७ प्रकारे येते आणि ११ देखील २७ प्रकारे. म्हणूनच मध्यम पात्रे पुष्कळ आणि महाबली विरळा!

या खेळाच्या २००० सालच्या आवृत्तीतील नियम पाहू. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात गुणाची भर आणि कौशल्याचे अंक मिळवायचे. बळ १० असेल तर भर शून्य, १८ असेल तर ४, आणि ८ असेल तर उणे १. झाडावर चढण्यासाठी एकूण बेरीज किमान १५ हवी.

समजा, भीमाचे बळ १८ आहे, पण सराव मुळीच नाही. किसनचे बळ ८, पण सरावाचे अंक ५. दोघांचीही भर ४ होते! दोघांनाही फाशावर ११ किंवा अधिक हवे. म्हणजे यशाची शक्यता ५० टक्के. पुढे किसनने सराव १३ अंकांपर्यंत नेला, तर त्याची भर १२ होईल. त्याला फाशावर ३ पुरेल, आणि शक्यता ९० टक्के. भीमा मात्र ५० टक्क्यांवरच! अर्थात भीमानेही तितकाच सराव केला, तर तो पुढेच राहील.

येथे गुण केवळ आरंभबिंदू ठरवतो. १९९७ च्या 'फॉलआउट' या संगणक-खेळात बुद्धी वेगळे काम करते. प्रत्येक पातळी चढताना कौशल्यांसाठी ५ अधिक बुद्धीच्या दुप्पट इतके अंक मिळतात. बुद्धी ३ असेल तर ११ आणि ८ असेल तर २१. दहा पातळ्यांनंतर हा फरक १०० अंकांचा होतो. आलेखाच्या भाषेत सांगायचे, तर येथे गुण रेषेचा आरंभ नव्हे, तिचा चढ ठरवतो.

२००२ च्या 'मॉरोविंड' खेळात तर बाण उलटाही फिरतो. कौशल्य वापरून वाढते, आणि ज्या गुणाशी निगडित कौशल्ये अधिक वाढली, तो गुण पुढील पातळीवर अधिक वाढवता येतो. एका वेळी जास्तीत जास्त ५ अंकांनी. म्हणजे सरावाने गुणच बदलतो!

तीन खेळ, तीन नियम. आणि तिन्ही माणसांनी ठरवलेले. ते निसर्गनियम नव्हेत. म्हणून त्यांवरून कोणा विद्यार्थ्याचे भविष्य वर्तवता येणार नाही. पण 'याला गणिताचे डोकेच नाही' असे कोणी म्हटले, तर एक प्रश्न अवश्य विचारावा : आपण पाहतो आहोत तो आरंभ की चढ? एका परीक्षेच्या निकालाने आलेखावर एकच बिंदू मिळतो, आणि एका बिंदूवरून रेषेचा चढ काढता येत नाही, हे आपण भूमितीत शिकलोच आहोत.

करून पाहा : तीन फासे एकत्र २१६ वेळा टाका. प्रत्येक बेरीज किती वेळा आली ते मांडून आलेख काढा. मधला उंचवटा तुम्हांला दिसेल.