जुना मनोरा, नवा झोका

न्यू जर्सी राज्याच्या मॉरिस काउंटीतील पार्सिपनी हे नगर मराठी वाचकाला माहीत असते ते औषधनिर्मिती आणि संगणक व्यवसायातील कार्यालयांमुळे आणि गेल्या काही दशकांत तेथे वाढलेल्या भारतीय वस्तीमुळे. परंतु याच नगराच्या बून्टन गावाला लागून असलेल्या भागात झाम्पेर्ला या इटालियन कंपनीची अमेरिकी शाखा आहे, आणि थीम पार्कमधील जुनी राइड काढून तिच्या जागी दुसरी बसवण्याच्या व्यवहारातील दोन बोलकी उदाहरणे या कंपनीच्या नावाशी जोडलेली आहेत. अंतोनिओ झाम्पेर्ला यांनी १९६६ मध्ये उत्तर इटलीतील विचेंत्साजवळच्या आल्ताविल्ला विचेंतिना येथे सुरू केलेल्या या कारखान्याची ख्याती मुळात कौटुंबिक स्वरूपाच्या राइड्सची, म्हणजे गोल फिरणारे चहाचे पेले, वरखाली होणारे फुगे, लहान मुलांची विमाने यांची. आपल्याकडच्या जत्रेतील पाळणेवाल्याने पाहताच ओळखावीत अशी ही यंत्रे. अशा कंपनीने जगातील सर्वांत उंच रोलर कोस्टरांपैकी एकाचे अंतरंग बदलण्याचे काम हाती घेतले, ही या व्यवसायातील अलीकडची लक्षणीय घटना मानावी लागते.

राइड बदलणे आणि राइड नव्याने उभारणे यांतील भेद पार्कच्या जाहिरातीत सहसा दिसत नाही, कारण दोन्ही प्रसंगी पाटीवर ‘नवीन’ हाच शब्द असतो. प्रत्यक्षात मोठ्या राइडचा दिसणारा भाग, म्हणजे रूळ आणि त्यांना पेलणारे खांब, हा तिच्या संसाराचा एक हिस्सा आहे. त्याखाली खोलवर ओतलेला काँक्रीटचा पाया असतो. जवळच वीजपुरवठ्याची मोठी उपकरणे असतात. प्रवाशांना चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेली इमारत, जिला या धंद्यात स्थानकच म्हणतात, आणि तिच्यापर्यंत नेणारी रांगेची वेटोळी वाट असते. शिवाय एवढ्या उंचीचे बांधकाम येथे चालते हे स्थानिक प्रशासनाने एकदा मान्य केलेले असते. पार्क चालवणाऱ्याच्या दृष्टीने हा सारा ऐवज आधीच खर्ची पडलेला असल्यामुळे यंत्र जुने झाले तरी जागा जुनी होत नाही. उलट बाजूला देखभालीचा हिशेब असतो: रोलर कोस्टर जितकी वेगवान आणि जितकी एकमेवाद्वितीय, तितके तिचे सुटे भाग दुर्मीळ आणि तितके तिचे बंद राहण्याचे दिवस अधिक. नवी राइड मोकळ्या जागी उभारली तर हा जुना भार तसाच राहून वर नव्याची भर पडते. बदली केली तर एक खाते बंद होऊन दुसरे उघडते.

न्यू जर्सीच्या मध्यभागी, जॅक्सन येथे १ जुलै १९७४ रोजी सुरू झालेले आणि पुढे सिक्स फ्लॅग्स समूहाच्या मालकीचे झालेले ग्रेट अ‍ॅडव्हेंचर हे पार्क म्हणजे अशा बदल्यांची एक वंशावळच आहे. उन्हाळ्यात भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन जाण्याच्या पार्सिपनी-एडिसनकडील कुटुंबांच्या ठिकाणांत हे पार्क हमखास असते, पण तेथील एकेका जागेवर किती राइड्स येऊन गेल्या याची कल्पना पाहुण्याला क्वचितच येते. १९८९ ची ‘ग्रेट अमेरिकन स्क्रीम मशीन’ २०१० मध्ये काढली गेली आणि २०११ मध्ये तिच्या जागी ‘ग्रीन लँटर्न’ आली. हीदेखील कोरी नव्हती, केंटकीतील एका पार्कमध्ये वेगळ्या नावाने चाललेली राइड उतरवून, वाहून आणून येथे जोडली होती. १९९५ ची ‘वायपर’ दहा वर्षेही टिकली नाही. तिच्या जागी २००६ मध्ये ‘एल तोरो’ ही लाकडी कोस्टर उभी राहिली, आणि वायपरचे स्थानक मात्र तसेच वापरात राहिले, त्यामुळे आज एल तोरोवर बसणारा प्रवासी एका राइडच्या दारातून आत शिरून दुसऱ्याच राइडवर स्वार होतो.

या वंशावळीतील सर्वांत मोठे नाव ‘किंगडा का’. २१ मे २००५ रोजी सुरू झालेली ही राइड १३९ मीटर उंच होती, तिची गाडी साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटरचा वेग घेत असे, आणि सुमारे अर्ध्या मिनिटात सारे आटोपत असे. एवढा वेग कमी जागेत गाठण्यासाठी इन्टामिन या निर्मात्या कंपनीने द्रवदाबावर चालणारी प्रक्षेपण-यंत्रणा वापरली होती, आणि बदलीचे कारण समजण्यासाठी ही यंत्रणा थोडी जवळून पाहणे आवश्यक आहे. पंप तेलाला मोठ्या नळकांड्यांत ढकलतात. नळकांड्यांच्या दुसऱ्या टोकाला कोंडलेला नायट्रोजन वायू त्यामुळे दबत जातो आणि स्प्रिंगप्रमाणे शक्ती साठवून ठेवतो. इशारा मिळताच झडपा उघडतात, वायू तेलाला उलट लोटतो, तेल अनेक मोटारी एकदम फिरवते आणि त्या मोटारी एका भल्या मोठ्या रहाटाला गती देतात. रहाटावर गुंडाळले जाणारे पोलादी दोर रुळांमधील एका खाचेतून धावणाऱ्या छोट्या गाड्याला खेचतात, आणि हा गाडा प्रवाशांच्या गाडीला पोटाखालून धरून पुढे फेकतो. विहिरीच्या रहाटाला गोफणीची घाई लावावी तसा हा प्रकार; दोर झिजणार, तेल तापणार, झडपा कुरकुरणार हे त्यात गृहीतच असते.

या यंत्रणेचा आणखी एक स्वभाव असा की प्रत्येक फेक तंतोतंत सारखी पडत नाही. वारा समोरून असेल, हवा थंड असेल वा गाडी कमी भरलेली असेल तर गाडी शिखराच्या अलीकडेच थबकून उलटी खाली येऊ शकते. इंग्रजीत याला रोलबॅक म्हणतात, मराठीत ‘माघार’ म्हणता येईल. माघार धोकादायक नसावी म्हणून रुळांवर चुंबकीय ब्रेक वर येतात आणि गाडीला हलकेच थांबवतात. शौकिनांना माघारीचे भारी अप्रूप, कारण ती ठरवून मिळत नाही. चालवणाऱ्यांना मात्र तो दिवसाच्या वेळापत्रकातील खड्डा वाटत असे.

किंगडा का १० नोव्हेंबर २०२४ रोजी निरोपाचा कोणताही समारंभ न होता शेवटची धावली, चार दिवसांनी ती कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले, आणि २८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे नियंत्रित स्फोटाने तिचा मनोरा पाडण्यात आला. ग्रीन लँटर्नचीही त्याच सुमारास रजा झाली. शेवटच्या फेरीसाठी लांबून येण्याची संधी नाकारल्याबद्दल शौकिनांची जी नाराजी व्यक्त झाली ती रास्तच म्हटली पाहिजे, कारण वीस वर्षे ज्या उंचीच्या बळावर तिकिटे विकली त्या उंचीला एक आठवड्याची पूर्वसूचना देणे काही अवघड नव्हते. जॅक्सनने येथे जमीन राखली आणि बाकी सारे सोडून दिले.

याच्या अगदी विरुद्ध मार्ग ओहायो राज्यातील सँडस्की येथील सीडर पॉइंट या पार्कने स्वीकारला, आणि पार्सिपनीचा धागा येथे पुन्हा हाती येतो. किंगडा काची थोरली बहीण म्हणावी अशी ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ तेथे मे २००३ मध्ये सुरू झाली होती. उंची १२८ मीटर, वेग ताशी १९३ किलोमीटर, यंत्रणा तीच तेलाची. ऑगस्ट २०२१ मध्ये गाडीपासून सुटलेली धातूची पट्टी लागून रांगेतील एक स्त्री गंभीर जखमी झाली, राइड बंद झाली, आणि २०२२ मध्ये ती जुन्या स्वरूपात परतणार नाही असे सांगण्यात आले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या ‘टॉप थ्रिल २’ या आराखड्यात झाम्पेर्लाने जुना मनोरा जागेवर ठेवला आणि तेल, नायट्रोजन, रहाट व दोर हा सारा संसार बाहेर काढला.

त्यांच्या जागी आलेली मोटार म्हणजे सरळ रेषेत पसरलेली विद्युत मोटार. नेहमीच्या विजेच्या मोटारीत मधला भाग गोल फिरतो आणि भोवती तारांची वेटोळी असतात. ती मोटार एका बाजूने कापून जमिनीवर सपाट उलगडावी तशी येथे वेटोळ्यांची रांग रुळालगत बसवलेली असते, गाडीला कायमचे चुंबक लावलेले असतात, आणि वेटोळ्यांत क्रमाक्रमाने सोडलेला प्रवाह गाडीला स्पर्शही न करता पुढे ओढत नेतो. या पद्धतीत झीज फार कमी, पण उपलब्ध रूळ आखूड असल्याने एकाच दमात जुना वेग गाठणे जमेना. त्यावर काढलेली तोड झोक्यावर बसलेल्या कोणत्याही पोराला माहीत आहे. पहिल्या हिसक्याला गाडी ताशी सुमारे ११९ किलोमीटर वेगाने मनोऱ्याकडे जाते, अर्ध्यावर दमते आणि उलटी फिरते. परतीच्या वाटेवर तिला पुन्हा रेटा मिळून वेग १६३ पर्यंत चढतो आणि ती पाठमोरीच मागच्या बाजूला नव्याने उभारलेल्या, तितक्याच उंच सरळसोट खांबावर चढते. तेथून खाली येताना तिसरा रेटा मिळतो आणि जुना १९३ चा आकडा गाठून ती मनोऱ्याचे शिखर ओलांडते.

म्हणजे पूर्वी जी माघार यंत्राचा दोष होती, तीच आता राइडचा पहिला अंक झाली. बदलीच्या साऱ्या इतिहासात इतकी हुशार तडजोड विरळा, आणि ती जुन्या मनोऱ्याच्या अडचणीतून जन्मली. मोकळ्या माळावर कोरा कागद घेऊन बसलेल्या आराखडाकाराने रूळ लांबवला असता, तीन हिसक्यांच्या झोक्याचा विचार करण्याची त्याला गरजच पडली नसती.

हुशारीची किंमतही लगेच द्यावी लागली. मे २०२४ च्या प्रारंभी लोकांसाठी खुली झालेली ही राइड आठवडाभरातच गाड्यांमध्ये सुधारणा करण्यासाठी थांबवली गेली आणि तो संपूर्ण हंगाम बंदच राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. जुन्या सांगाड्यात नवे यंत्र बसवणे म्हणजे दोन निराळ्या कारागिरांच्या मापांचा मेळ घालणे असते, आणि अमेरिकी मानकांत अशा मोठ्या फेरबदलाला नव्या राइडइतक्याच कसून तपासणीची अपेक्षा असते, हे लक्षात घेतले तर हा उशीर नवल वाटण्यासारखा नाही.

झाम्पेर्लाचे दुसरे उदाहरण न्यूयॉर्क शहराच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावरचे आहे, आणि त्यात राखले गेले ते केवळ नाव. जॉन मिलर यांच्या आराखड्यावरून १९२५ मध्ये बांधलेली तेथील ‘थंडरबोल्ट’ ही लाकडी कोस्टर एका जुन्या हॉटेलच्या इमारतीवरून नेलेली होती. इमारतीच्या छतातून पोलादी खांब वर गेलेले, आत माणसे राहत असलेली, आणि गाडी डोक्यावरून जाताना घर हादरत असलेले. १९८२ मध्ये ती बंद पडली, अठरा वर्षे वेलींनी वेढलेली उभी राहिली, आणि २००० च्या नोव्हेंबरमध्ये महापालिकेने ती पाडली. त्यावरून पुढे न्यायालयात दावाही चालला. २०१४ मध्ये त्याच किनाऱ्यावर झाम्पेर्लाने बनवलेली त्याच नावाची पोलादी कोस्टर आली: उंची ३५ मीटर, चढण सरळ उभी, उतार सरळ खाली, पुढे उलटी वळणे. १९२५ च्या प्रवाशाला तिच्यात ओळखीचे काहीही सापडणार नाही. तिला सामावणाऱ्या लूना पार्कचे नावही असेच उसने आहे, कारण १९०३ चे मूळ लूना पार्क १९४४ च्या आगीनंतर संपले आणि आजचे २०१० मध्ये झाम्पेर्लाशी संलग्न कंपनीने सुरू केले. नावाचा हा वारसा काहीसा स्वस्तात मिळालेला वाटतो.

मात्र त्याच कंपनीकडे २०११ पासून ‘सायक्लोन’ चालवण्याची जबाबदारी आहे, आणि तिचा न्याय वेगळा. २६ जून १९२७ रोजी सुरू झालेली ही कोस्टर शहराच्या मालकीची असून १९८८ पासून तिला संरक्षित वास्तूचा दर्जा आहे. तिचा सांगाडा पोलादी, पण रूळ लाकडी: फळ्यांवर फळ्या ठोकून केलेला जाड थर आणि वर चाकासाठी पोलादाची पट्टी. हिवाळ्यात पार्क बंद असताना सुतार झिजलेले तुकडे उपसून त्याच मापाचे नवे ठोकतात, त्यामुळे बदली येथेही अखंड चालूच असते, फक्त ती फळीफळीने होते आणि २६ मीटरवरून कोसळतानाचा कंबर हलवणारा जुना धक्का तसाच राहतो.

पार्सिपनीच्या स्वतःच्या काउंटीत मात्र यांपैकी एकही मार्ग घेतला गेला नाही. होपॅटकाँग सरोवराच्या काठावरील बर्ट्रंड आयलंड हे छोटे पार्क, त्यातील ‘वाइल्डकॅट’ या लाकडी कोस्टरसह, १९८३ च्या हंगामानंतर बंद झाले. वुडी अ‍ॅलन यांनी ‘द पर्पल रोझ ऑफ कैरो’ या १९८५ च्या चित्रपटातील ओसाड पार्कचे प्रसंग तेथेच चित्रित केले, पुढे पाळणे हटले, आणि त्या काठावर आता घरे आहेत.