तलवारीवरची सही

तलवारीवर अरबी-फारसी अक्षरं दिसली की रत्नागिरीत काही जण माझा पत्ता विचारत येतात. मी शस्त्रांचा जाणकार नाही. कविता करतो, तीही मराठीत. पण लहानपणी घरात उर्दू होती आणि मौलवीसाहेबांनी अरबी गिरवून घेतली होती, म्हणून लिपी वाचता येते, एवढंच. येणारा माणूस जुन्या धोतरात गुंडाळलेली तलवार पुढे ठेवतो आणि दोन प्रश्न विचारतो. काय लिहिलंय? आणि ही खरी का?

पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा ठरलेलं असतं. 'अमल-ए असदुल्लाह इस्फहानी', म्हणजे इस्फहानच्या असदुल्लाहचं काम. शेजारी कधीकधी इराणच्या शाह अब्बासचं नाव. या शाहची कारकीर्द 1588 ते 1629. आता गंमत पाहा. असदुल्लाहचं नाव असलेली पाती जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि त्यांतल्या काहींवरच्या सनांमध्ये एवढं अंतर आहे की एका माणसाच्या आयुष्यात ते मावत नाही. नाव मोठं झालं, त्याचा शिक्का झाला, आणि पुढच्या कारागिरांनी तो बेधडक वापरला. युरोपातही हेच झालं. जर्मनीतल्या झोलिंगनच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. ती इतरांनी उचलली.

आम्हा कवींना हे नवीन नाही. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपलं नाव गुंफतो, त्याला मक्ता म्हणतात. म्हणून गालिबचं नाव असलेला प्रत्येक शेर गालिबचा ठरतो का? शेवटी 'तुका म्हणे' आलं म्हणून प्रत्येक अभंग तुकोबांचा मानत नाहीत. अभ्यासक भाषा पाहतात, जुनी वही पाहतात, ती कुणाकडून कुणाकडे आली ते पाहतात. तलवारीचंही तसंच. सही हा पुरावा खरा, पण सर्वांत कच्चा.

या बाबतीत जपानी लोकांनी जे करून ठेवलंय, त्याला तोड नाही. जपानी तलवारीची मूठ बांबूच्या एका छोट्या खुंटीने अडकवलेली असते. खुंटी काढली की मूठ निघते आणि आत दडलेलं पात्याचं शेपूट उघडं पडतं. लोहार सही करतो ती तिथे. या शेपटावरचा गंज कधीही काढत नाहीत! त्याचा रंग, कानशीचे घाव, खुंटीची भोकं किती, यांवरून पात्याचं वय आणि ते पुढे तोकडं केलं का, हे जाणकार सांगतो. पात्याच्या धारेजवळ ढगासारखी पांढुरकी रेघ असते. पाणी देण्यापूर्वी पात्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. या दोहोंची हद्द म्हणजे ती रेघ. प्रत्येक घराण्याची तिची वळणं वेगळी. सही नसली तरी या हस्ताक्षरावरून लोहाराचं घराणं ओळखता येतं, आणि सही थोराची पण वळण भलतंच असेल तर ती खोटी ठरते.

तिथे 1876 मध्ये सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी झाली. 1945 च्या पराभवानंतर दोस्तांच्या फौजेने तलवारी जप्त करायला सुरुवात केली, तेव्हा कलेच्या म्हणून मोलाच्या तलवारी वाचवण्याची धडपड झाली. त्यातून 1948 साली टोकियोत एक संस्था उभी राहिली. तिची परीक्षक मंडळी पातं तपासून प्रतवारीचं प्रमाणपत्र देतात, आणि जगभरचे संग्राहक तो कागद पाहिल्याशिवाय मोठा सौदा करत नाहीत. 1945 मध्ये ब्रह्मदेश आणि सिंगापूरला जपानी अधिकाऱ्यांनी शेकड्यांनी तलवारी खाली ठेवल्या. कोकणातले कितीतरी जवान त्या आघाडीवर होते. अशी एखादी तलवार कुणाच्या घरी निघाली तर हुरळून जाऊ नये. त्यांतल्या बऱ्याचशा युद्धकाळात घाऊक बनवलेल्या होत्या. मात्र एखाद्या अधिकाऱ्याने वडिलोपार्जित पातंच लष्करी म्यानात घातलेलं असू शकतं.

आपली अडचण निराळी. आपल्याकडे पातं मुठीत लाख-राळ ओतून पक्कं करत. शेपूट दिसतच नाही. मूठ तुटली, बदलली. पातं झिजलं, दुसरं बसवलं. एकाच तलवारीत मूठ एका शतकातली आणि पातं दुसऱ्या शतकातलं, हे सर्रास. त्यात चांगली पाती युरोपातून पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत आणि त्यांवर इथली मूठ चढे. अशा तलवारीला आपण 'फिरंग' म्हणतो. म्हणजे पातं परदेशी निघालं म्हणून ती तलवार मराठ्यांची नव्हे, असं होत नाही.

नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार हे याचं उत्तम उदाहरण. 29 एप्रिल 2025 रोजी लंडनला सोदबीज कंपनीच्या लिलावात ती महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत घेतली. वाहतूक, विमा धरून खर्च 47.15 लाख रुपये. 18 ऑगस्टला ती मुंबईत आली. पातं युरोपी, एकधारी, किंचित वाकलेलं. आणि पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. सेनासाहेब सुभा हा छत्रपती शाहू महाराजांनी रघुजींना दिलेला किताब. नाव आहे, किताब आहे, आणि तलवारीने स्वतःची जातही सांगून टाकली आहे! ती देशाबाहेर गेली कशी? 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत गेली असावी, असा कयास आहे. कयास हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

कारण दुसरं उदाहरण वाघनखांचं. 2024 च्या जुलैत ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ठरावीक मुदतीसाठी साताऱ्यात आली. ती ग्रँट डफच्या घराण्याकडून आली, इथवर कागद आहे. पण अफझलखानाच्या भेटीत वापरलेली तीच का, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतः सांगतं. यावर आपल्याकडे बराच वाद झाला. मला त्या संग्रहालयाचं हे सांगणं आवडलं. महाराजांचं मोठेपण कुठल्या पोलादाच्या तुकड्यावर थोडंच अवलंबून आहे?

पुराव्याची आपल्याकडचीही एक सुरेख रीत सांगतो. 1689 मध्ये अदोनीचा किल्ला पडल्यावर बिकानेरच्या अनूपसिंहांनी तिथली शस्त्रं नेली. त्यांच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नोंद कोरलेली सापडते. कारकुनी काम, पण आज अभ्यासकाला ते सोन्याच्या वेलबुट्टीहून मोलाचं वाटतं.

आपल्या घरातल्या नोंदी मात्र आपणच पुसतो. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची म्हणून चिंच, राख, अलीकडे तर पॉलिश पेपर. मागे एकाने आणलेल्या तलवारीला सहाणेवर लखलखीत केलं होतं. पात्यावर जौहर, म्हणजे जुन्या पोलादातली पाण्यासारखी नक्षी, असणार. ती गेली होती. तीन ओळींच्या मजकुरातलं शेवटचं 'अल्लाह' तेवढं वाचता आलं. नाव, गाव, सन सारं घासून गेलेलं. त्या घराकडे दुसरा कसलाच कागद नव्हता.

तेव्हा तलवार असेल तर कोरड्या मऊ फडक्याने पुसा, हलका तेलाचा हात फिरवा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत मखमली म्यानात वर्षानुवर्षं ठेवू नका. आजोबा-पणजोबांकडून ती कशी आली, ते जाणत्यांना विचारून वहीत लिहा आणि फोटो काढा. नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारं शस्त्रांच्या नियमांत येतात, म्हणून पोलीस ठाण्यात चौकशी करून घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. गमतीचा भाग असा, की आपलं पुरातत्त्व खातं वस्तू परदेशी नेणाऱ्याला ती पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र देतं. ती जुनी आणि अस्सल आहे असं प्रतवारीने लिहून देणारी जपानसारखी मंडळी आपल्याकडे नाहीत. दुकानदार 'शिवकालीन' असा छापील कागद देतो, तो त्याचा स्वतःचा असतो.