रंकाळ्याच्या गावचा पाणीदार गडी!

पापणी लवायला किती वेळ लागतो? दशांश सेकंद तरी जातोच. आणि हातातलं पदक जायला? त्याचा दहावा हिस्सा पुरे! खोटं वाटतं? मग कोल्हापूरच्या वीरधवल खाडेची गोष्ट ऐका.

2018, जकार्ता एशियाड, 50 मीटर फ्रीस्टाइलची फायनल. आपला गडी 22.47 सेकंदांत भिंतीला भिडला. जपानचा शुनिची नाकाओ 22.46! ब्राँझ त्याला, आपल्याला चौथा नंबर. त्या वेगात शतांश सेकंद म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर, बोटाचं एक पेर. आणि हीटमध्ये याच पठ्ठ्यानं 22.43 मारून नॅशनल रेकॉर्ड केला होता. हळहळायचं तर इथे हळहळा!

मग हजारांश सेकंद का मोजत नाहीत, माहीत आहे का? एकदा मोजला होता. 1972, म्युनिक ऑलिंपिक. 400 मीटर मेडलेत स्वीडनच्या लार्सननं अमेरिकेच्या मॅकीला 0.002 सेकंदानं पाणी पाजलं. पण तेवढ्या वेळात माणूस कापतो तीनेक मिलिमीटर, आणि प्रत्येक लेन इतकी काटेकोर बांधणार कोणता गवंडी? नियम बदलला. आता टायमिंग सारखं, तर पदकही सारखं. रिओत 100 मीटर बटरफ्लायला फेल्प्स, ल क्लो आणि चेह या तिघांना सिल्व्हर मिळालं. ब्राँझ डब्यातच!

बरं, नुसतं भिंतीपाशी पोचून भागत नाही, टचपॅड दाबावा लागतो. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये याच 100 मीटर बटरफ्लायला सर्बियाचा चाविच हात लांब करून तरंगत आला, फेल्प्सनं अर्धा हात जास्त मारला. 50.58 विरुद्ध 50.59, गोल्ड फेल्प्सला. त्याच ऑलिंपिकमध्ये 16 वर्षांचा वीरधवलही उतरला होता, 50, 100 आणि 200 मीटर फ्रीस्टाइलला पात्र ठरून. दहावी-अकरावीचं वय हो!

50 मीटरवाले अख्ख्या रेसमध्ये श्वास किती घेतात? एखादा. कित्येक जण तोही नाही. मान वळली की वेग गेला. मोठ्या मीटच्या तोंडावर सराव वाढवायचा नाही, कमी करायचा. त्याला म्हणतात टेपर. आणि आदल्या दिवशी हातापायांवर वस्तरा! गुळगुळीत कातडीला पाण्याची पकड नीट कळते म्हणे. सलूनवाल्याचाही पदकात वाटा धरायला हरकत नाही.

बंगळुरूत निहार अमीन यांच्याकडे घाम गाळून (पाण्यातही घाम येतो, बरं का!) वीरधवलनं 2010 च्या ग्वांगझू एशियाडमध्ये 50 मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. भारताला जलतरणात 24 वर्षांनी एशियाड पदक! त्याआधीचं 1986 मधलं, खजानसिंगचं सिल्व्हर. पुढे अर्जुन पुरस्कार आणि तहसीलदाराची खुर्ची.

शेजारच्या इस्लामपूरचं पाणीही कमी नाही. 1965 च्या युद्धात गोळ्या खाल्लेले तिथले मुरलीकांत पेटकर मूळचे बॉक्सर, नंतर पाण्यात उतरले. 1972 च्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलला 37.33 सेकंद, वर्ल्ड रेकॉर्ड, गोल्ड! ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा त्यांच्यावरच.

आणि 2023 च्या गोवा नॅशनल गेम्समध्ये? 50 मीटर फ्रीस्टाइलचं पुरुषांचं गोल्ड वीरधवलला, महिलांचं त्याच्या बायकोला, ऋजुताला. एका घरात एकाच रेसची दोन गोल्ड. नाद खुळा!