यंत्रास मराठी कोण शिकविणार ?

गेल्या संस्कृतदिनीं एका मंडळानें आम्हांस चार शब्द बोलण्यास बोलाविलें होतें. भाषणाच्या अखेरीस आम्हीं एक हमखास टाळ्यांचें वाक्य ठेवलें होतें : संगणकास जगांतील सर्वांत योग्य भाषा कोणती, तर ती संस्कृत, असा निर्वाळा अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळसंस्थेनें दिला आहे. टाळ्या पडल्या. घरीं आल्यावर आमच्या पुतण्याच्या मुलानें, जो संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे, अगदीं नम्रपणें विचारलें, "आजोबा, तो मूळ लेख तुम्हीं वाचला आहे का?" मूळ ग्रंथ पाहिल्यावांचून बोलूं नये, असें जन्मभर मुलांना बजावीत आलेल्या आम्हांला या प्रश्नाचें उत्तर खालीं मान घालूनच द्यावें लागलें.

मग तो लेख आम्हीं त्याच्याकडून वाचून घेतला. तो १९८५ सालचा असून रिक ब्रिग्ज नांवाच्या संशोधकानें 'एआय मॅगझिन' या नियतकालिकांत लिहिलेला आहे. हे गृहस्थ नासाच्या एका केंद्रांतील संशोधनसंस्थेंत होते, एवढाच नासाचा या गोष्टीशीं संबंध. त्यांनीं दाखविलें तें असें कीं, आपल्या वैयाकरणांनीं वाक्यार्थ उलगडण्याची जी रीत बसविली, ती संगणकांत ज्ञान मांडण्याच्या रीतीशीं पुष्कळ जुळते. आधार घेतला होता तो काशीस राहिलेले महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट काळे यांचा. 'चैत्र भात शिजवितो' या वाक्याचा अर्थ आपले वैयाकरण 'चैत्र हा ज्याचा कर्ता, भात हें ज्याचें कर्म, असा वर्तमानकाळीं चाललेला शिजविण्याचा व्यापार' असा फोडून सांगतात. यांत संदिग्धतेस जागा उरत नाहीं, हें खरें. पण यावरून नासानें संस्कृत पसंत केली, असें कोठेंच निघत नाहीं. आणि आज आपल्या हातांतील यंत्रें चालतात तीं संस्कृतावर नव्हेत.

पाणिनीची खरी थोरवी यानें कमी होत नाहीं. १९९५ सालीं विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांचे सहकारी यांनीं पाणिनीच्या कारकविचाराच्या आधारें भारतीय भाषांचें संगणकीय पृथक्करण कसें करावें, याचा ग्रंथच लिहिला. ज्यास खरा अभिमान वाहावयाचा आहे, त्यानें या कामाचा वाहावा. आम्हांला तो विषय ठाऊकच नव्हता. टाळ्यांचें वाक्य मात्र पाठ होतें. या शरमेपोटीं आम्हीं ज्या विद्वत्सभांची माहिती करून घेतली, त्यांविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आमची वस्ती विश्रांतवाडीस आहे. येथून आळंदी रस्त्यानें येरवड्याकडे निघालें म्हणजे थोड्याच वेळांत डेक्कन कॉलेजचें आवार लागतें. पेशवाईंत श्रावणमासीं विद्वानांस दक्षिणा वांटीत. त्या निधींतील द्रव्य लावून इंग्रजी अमलांत १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत हिंदू कॉलेज नांवाची संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेंच १८६४ सालीं डेक्कन कॉलेज झालें आणि १८६८ पासून तें सध्यांच्या जागीं आहे. १९३४ सालीं तें बंद पडलें होतें. १९३९ सालीं संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें, तेव्हां भाषाशास्त्राचा भार डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनीं उचलला. त्यांनींच १९४८ सालीं संस्कृतच्या बृहत्कोशाचें काम आरंभिलें. सुमारें पंधराशें ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या हातानें लिहून काढल्यानंतर त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. शब्द कोणत्या ग्रंथांत, कोणत्या शेजाऱ्यांसह, कोणत्या अर्थानें आला, हें प्रत्येक चिठ्ठीवर आहे. ही चिठ्ठीची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें ती उपयोगी पडणार आहे.

भाषाविषयक परिषदांचीहि परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद पहिल्यानें भरली ती पुण्यास, १९१९ सालीं, भांडारकर संशोधन मंदिराच्या पुढाकारानें. तिच्याच लाहोर येथील अधिवेशनाच्या वेळीं १९२८ सालीं 'लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली. पुढें तिचें कार्यालय डेक्कन कॉलेजांत आलें. तिकडे संगणकीय भाषाशास्त्राची 'कोलिंग' ही आंतरराष्ट्रीय परिषद १९६५ सालीं न्यूयॉर्क येथें सुरू झाली, आणि २०१२ सालच्या डिसेंबरांत ती मुंबईस आय. आय. टी.च्या यजमानपदाखालीं भरली. संस्कृतच्या संगणकीय अभ्यासाची स्वतंत्र परिषद २००७ सालीं फ्रान्समध्यें प्रथम भरली व २०१३ सालीं तिचें अधिवेशन मुंबईच्या त्याच संस्थेंत झालें. म्हणजे हा कांहीं सातासमुद्रांपलीकडचाच विषय राहिलेला नाहीं.

या सभांची रीत कळली तेव्हां आम्हांस आपल्या जुन्या शास्त्रार्थाची आठवण झाली. फरक इतकाच कीं, येथें वादी प्रतिवाद्याचें तोंड प्रथम पाहत नाहीं. निबंध पाठवितांना पुष्कळ ठिकाणीं त्यावर लेखकाचें नांव नसतें. परीक्षकांचीं नांवें लेखकास कळत नाहींत. नामांकित आचार्य असो कीं आडगांवचा विद्यार्थी, लेखणी पाहून निर्णय द्यावयाचा. मान्य झालेले निबंध कांहीं व्यासपीठावरून वाचले जातात, कांहीं भिंतीवरील तक्त्यांवर मांडले जातात. तक्त्याशेजारीं लेखक उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या शंकांस उत्तर देतो. पुष्कळ परिषदांचे निबंध नंतर इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतात.

या सभांत सामाईक कसोटी म्हणूनहि एक प्रकार असतो. सर्व गटांस एकच वाक्यसंग्रह देतात; उत्तरें परीक्षकांपाशीं झांकलेलीं असतात. उदाहरणार्थ, वाक्यांतील कोणतें नांव माणसाचें व कोणतें गांवाचें, हें प्रत्येकाच्या यंत्रानें ओळखावयाचें. शेवटीं झांकलेलीं उत्तरें उघडून गुण मोजतात. येथें 'आमची भाषा प्राचीन आहे' या सबबीवर अर्धाहि गुण मिळत नाहीं.

आणि मराठी ही यंत्रास सोपी भाषा नाहीं. इंग्रजींत 'घर' हा शब्द वाक्यांत कोठेंहि बसला तरी त्याचें रूप बहुधा तेंच राहतें. नात्याचे शब्द वेगळे लिहिले जातात. आपल्याकडे 'घर', 'घरासमोर', 'घरासमोरच्या', 'घरासमोरच्यांनीं', 'घरासमोरच्यांनींसुद्धां' अशी एकाच शब्दास शेंपटावर शेंपूट लागत जाते. त्यांतून सामान्यरूपाचा घोळ निराळाच : 'माणूस' पण 'माणसाला', 'विहीर' पण 'विहिरीला', 'पाणी' पण 'पाण्याला'. चार वर्षांचें पोर हें न शिकवितां बोलतें. यंत्रास मात्र प्रत्येक रूप कोठें तरी पाहिलेलें असावें लागतें, नाहीं तर तोडून जोडण्याची कला शिकावी लागते.

याहून अवघड प्रश्न अर्थाचा. आपल्या शास्त्रग्रंथांत 'सैंधव आण' हें प्रसिद्ध उदाहरण आहे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशचा घोडाहि. धनी जेवावयास बसला असेल तर मीठ आणावें, प्रवासास निघाला असेल तर घोडा. भर्तृहरीनें शब्दाचा अर्थ ठरविणारीं गमकें मोजून दाखविलीं आहेत. त्यांत शेजारचा शब्द आणि प्रकरण हीं दोन्ही आहेत. आजचीं यंत्रें याच वाटेनें जातात. कोट्यवधि वाक्यें चाळून कोणता शब्द कोणाच्या शेजारीं बसतो हें तीं पाहतात व त्यावरून अर्थाचा अंदाज बांधतात. डेक्कन कॉलेजांतील पंडित चिठ्ठी चिठ्ठी करून जें पाहत, तेंच येथें अफाट प्रमाणावर चालतें.

आमच्या घरांतहि एक 'सैंधव' घडलें आहे. आमच्या थोरल्या वहिनी वऱ्हाडांतल्या. लग्न होऊन त्या आल्या तेव्हां आम्ही बारा वर्षांचे होतों. पहिल्याच आठवड्यांत त्यांनीं आम्हांस सांगितलें, "भावोजी, थोडा सांबार आणून द्या." आम्ही डबा घेऊन थेट उडप्याच्या हॉटेलांत गेलों आणि इडलीबरोबरचें सांबार घेऊन आलों. त्यांना हवी होती कोथिंबीर. वऱ्हाडांत कोथिंबिरीस सांबार म्हणतात. घर पोट धरधरून हंसलें. पुढें त्या 'मी येऊन राहिले', 'काय करून राहिले' असें म्हणाल्या कीं आम्ही बारा वर्षांचे व्याकरणपंडित लगेच 'येत आहें म्हणा' अशी दुरुस्ती करीत असूं. वर्षभरांत वहिनींचें बोलणें पुणेरी झालें, आणि कमीहि झालें. पुढें शिक्षक झाल्यावर वर्गांत कित्येक मुलांच्या तोंडचें 'व्हतं' आणि 'म्या' आम्हीं असेंच खोडून काढलें. प्रमाणभाषा शिकविणें हें शिक्षकाचें कामच होतें, त्याविषयीं आम्हांस खंत नाहीं. पण त्यांची घरची भाषा ही भाषाच नव्हे, अशी समजूत आम्हीं त्यांच्या मनांत घातली, ही चूक आमची.

पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच म्हटलें आहे कीं, घागर हवी असल्यास मनुष्य कुंभाराच्या घरीं जातो व 'घागर करून दे' म्हणतो. पण शब्द वापरावयाचे म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरीं जाऊन 'शब्द करून दे' म्हणत नाहीं. शब्द लोकांच्या व्यवहारांत असतात. वैयाकरण त्यांची व्यवस्था लावतो, एवढेंच. हें वचन आम्हीं कित्येकदां वाचलें होतें. वहिनींना तें लागू पडतें, हें मात्र या वयांत उमगलें.

यंत्रासहि तोच नियम लागू आहे. पुण्यांतील 'एल-थ्री-क्यूब' या गटानें २०२२ सालीं मराठी वाक्यांचा एक मोठा संग्रह सर्वांस खुला केला : २ कोटि ४८ लक्ष वाक्यें, सुमारें २८ कोटि ९० लक्ष शब्द, आणि त्याबरोबर 'महाबर्ट' नांवाचें मराठीचें यंत्रप्रतिमानहि. काम मोठ्या मोलाचें आहे. पण असा संग्रह होतो तो इंटरनेटवर जें छापील मराठी सांपडतें त्यांतून, आणि त्यांत मोठा वांटा बातम्यांचा. बातमींत मंत्री असतात, अपघात असतात, क्रिकेटचे सामने असतात. सुनेस सांगितलेलें फोडणीचें प्रमाण, बाळंतिणीस दिलेला सल्ला, भावजयींचें रुसणें नसतें. तेथें सांबाराच्या शेजारीं इडली आणि डोसाच बसणार. मग यंत्र आमच्यासारखाच डबा घेऊन उडप्याकडे धांवलें, तर दोष कोणाचा?

२०११ च्या शिरगणतींत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटि ३० लक्ष लोक होते. २०२४ सालीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जाहि मिळाला. पण आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांत पत्रें लिहिणें थांबलें, मुलांशीं बोलणें निम्मेंअर्धें इंग्रजींत गेलें, आणि वडीलधाऱ्यांचें बोलणें कोणी टिपून ठेवीत नाहीं.

टिपणारे अभ्यासक नाहींत असें नाहीं. डॉ. अ. मा. घाटगे यांनीं १९६३ पासून मराठीच्या बोलींच्या पाहणीचे खंड प्रसिद्ध केले. अलीकडे डेक्कन कॉलेजनें राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्यानें गांवोगांवीं जाऊन बोलींचें ध्वनिमुद्रण केलें आहे. पण मूठभर अभ्यासक किती घरें गांठणार? दरवर्षीं ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघून आमच्या विश्रांतवाडीवरून पुण्यास जाते. रस्त्याच्या कडेला तासभर उभें राहिलें तरी मराठवाडा, खानदेश, वऱ्हाड, सगळे कानांवरून जातात. आम्ही इतकीं वर्षें हात जोडून उभे राहिलों. ऐकलें मात्र यंदांच.

तेव्हां वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, घरांतील वृद्धांना त्यांच्या माहेरच्या, गांवच्या भाषेंत बोलूं द्यावें व त्यांच्या अनुमतीनें तें मोबाईलवर टिपून ठेवावें. बोलणाऱ्याचें जन्मगांव, वय व तारीख नोंदवावी. मध्येंच दुरुस्ती करूं नये. स्वतःचा आवाज सार्वजनिक कामास द्यावा असें वाटल्यास केंद्र सरकारच्या 'भाषिणी' उपक्रमांतील 'भाषादान' आणि 'कॉमन व्हॉइस' येथें मराठी वाक्यें वाचून देतां येतात. घरगुती, खासगी गोष्टी मात्र घरांतच ठेवाव्या.

आम्हीं आरंभ आमच्याच घरापासून केला. नातवानें मोबाईल पुढें ठेवून म्हटलें, "आजी, सांबारवडी सांग." वहिनी आतां पंच्याहत्तरीच्या पुढें आहेत. त्यांनीं प्रथम आमच्याकडे पाहिलें आणि अगदीं शुद्ध पुणेरींत 'प्रथम कोथिंबीर निवडून घ्यावी' अशी सुरुवात केली. आम्ही उठून ओसरीवर जाऊन बसलों. थोड्या वेळानें आंतून आवाज आला, "अरे, सांबार धुऊन असा नको ठेवू, पाणी गळून राहिलं त्याचं." नातू हंसला, पण तें हंसणें निराळें होतें. मोबाईलनें सांबाराचें काय लिहून घेतलें, तें पाहावयास आम्ही आंत गेलों नाहीं. वहिनी बराच वेळ बोलत होत्या.