अडलेला संगणक

संगणकाची कळ दाबली की पडदा उजळतो आणि थोड्याच वेळात काम सुरू होते. परंतु एखाद्या दिवशी काळ्या पडद्यावर बारीकशी रेघ लुकलुकत राहते आणि पुढे काहीच घडत नाही. काल रात्रीपर्यंत नीट चालणारे यंत्र आज असे रुसून बसावे, याचे घरातील मंडळींना मोठे नवल वाटते. अशा वेळी प्रथम यंत्राच्या पाठीमागे पाहावे. बाहेरची हार्ड डिस्क कोणी तेथे तशीच लावून ठेवलेली नाही ना?

वीज मिळताच संगणकाला आपली कार्यप्रणाली कोठे आहे, हेही ठाऊक नसते. त्याच्या मुख्य पट्टावरील एका चिपमध्ये मात्र एक छोटी आज्ञावली कायमची साठवलेली असते. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणत. नव्या यंत्रांत तिची जागा यूईएफआयने घेतली आहे. ही आज्ञावली म्हणजे जणू दारावरचा पहारेकरीच. तो आधी स्मृती, कळफलक इत्यादींची तपासणी करतो आणि मग ठरलेल्या यादीप्रमाणे एकेका साधनाकडे जाऊन कार्यप्रणाली शोधतो. यादीत बाहेरची डिस्क पहिली असेल, तर तो प्रथम तिच्याकडेच जाणार! जुन्या पद्धतीत तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतो. त्यांच्या शेवटी ठरावीक खूण दिसली की विश्वासाने सारा कारभार तिच्या हाती सोपवतो. डिस्कवर खूण आहे, पण कार्यप्रणाली नाही, असे असले म्हणजे गाडी तेथेच अडते.

हा घोटाळा काही नवा नव्हे. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक निघाला, तेव्हापासून खणात विसरलेली फ्लॉपी असाच गोंधळ घालीत असे. या विसराळूपणाचा फायदा विषाणूंनीही घेतला. १९८६ साली लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या याच पहिल्या भागात दडून बसे आणि तिच्यावरून संगणक सुरू होऊ लागताच स्मृतीत शिरे.

दुसरे कारण विजेचे. यूएसबी २.० च्या खाचेतून ५०० आणि ३.० च्या खाचेतून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळावा, असे प्रमाण आहे. डिस्कमधील तबकडी फिरू लागताना तिला अधिक जोर लागतो. प्रवाह अपुरा पडला, किंवा डिस्कच जीर्ण झाली असली, तर ती वेळेवर उत्तर देत नाही. पहारेकरी बिचारा तिष्ठत राहतो.

म्हणून संगणक पूर्ण बंद करावा, बाहेरची डिस्क काढावी आणि पुन्हा कळ दाबावी. तो सुरळीत सुरू झाला, तर दोष कोठे आहे ते कळले. मग सुरुवातीलाच एफ२ किंवा डिलीट, जी कळ त्या यंत्राला लागू असेल ती, दाबून यादी उघडावी, आतील डिस्क पहिल्या क्रमांकावर आणावी आणि बदल जतन करावा. तरीही अडचण राहिली, तर दुसरी केबल व दुसरी खाच वापरून पाहावी.

पुष्कळ लोक मात्र घाबरून भलतेच करतात. कोणी कार्यप्रणाली नव्याने घालतो, कोणी डिस्क फॉरमॅट करतो. आणि यंत्रात काहीही बिघाड नसता आजोबांची छायाचित्रे किंवा वर्षभराचे हिशेब हातचे जातात. संगणक सुरू झाल्यावर डिस्क पुन्हा लावावी आणि प्रथम तिच्यातील महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती वारंवार लावून पाहू नये. तशीच जाणत्या माणसाकडे न्यावी.