घड्याळ लावून पाजणं

"पोऱ्या दूध पेता पेता दमी जास," आजी सांगते, आणि अर्धं दुखणं त्या एका वाक्यात येतं. पारोळ्यातल्या दवाखान्यात सिस्टर बाळाचं झबलं वर करतात. छाती भरभर खालीवर होतेय, बरगड्यांखाली खळगा पडतोय, कपाळ घामानं ओलं आहे. धुळ्याला इको झालाय. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. औषधं सुरू आहेत, आज पाजायला शिकायचं आहे.

आजीचा हिशेब सरळ आहे : पोट भरेपर्यंत पाजायचं, मग तास का लागेना. सिस्टर तोच मोडतात. "आजी, अर्ध्या तासाच्या वर नाही. त्यापुढे मिळतं कमी आणि ओढण्यातच जास्त जातं." या बाळाला दूध ओढणं म्हणजे धावत धावत जेवणं. निरोगी तान्ह्याला दर किलो वजनामागे रोज साधारण 100 ते 110 कॅलरी पुरतात, याला 120 ते 150 लागू शकतात. गरज जास्त आणि दम कमी, असा हा पेच.

आई भिंतीला टेकून बसते. बाळाचं डोकं उंच, अंग जवळजवळ उभं. श्वास वाढला की थांबायचं, खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, मग पुन्हा. वीस मिनिटं अंगावर, पुढची दहा मिनिटं काढून ठेवलेलं दूध बोंडल्यानं. आई बोंडलं तिरपं करते तशी धार गालावरून मानेत जाते. सिस्टर तिचं मनगट धरून चोच ओठाच्या कडेला टेकवतात. थोडं सोडायचं, गिळेपर्यंत हात थांबवायचा. घाई केली की ठसका. दोन-अडीच तासांनी पुन्हा हेच, रात्रीसुद्धा.

"पहिला महिना तर चांगलं होतं," आजी म्हणते. खरंच आहे. जन्मानंतर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब हळूहळू उतरतो, तसं छिद्रातून तिकडे जाणारं रक्त वाढतं. म्हणून बहुधा चार ते आठ आठवड्यांत दम दिसू लागतो. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी 42व्या दिवशी संपतात, पुढच्या भेटी थेट बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून. मधल्या काळात बाळ हाताशी येतं ते दीड आणि अडीच महिन्यांच्या लशींना. तिथे वजनासोबत "पाजायला किती वेळ लागतो?" एवढं विचारलं, तरी असं बाळ वेळेत सापडू शकतं. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढची तपासणी आणि शस्त्रक्रियाही होऊ शकते, पण तोवर वजन टिकवायचं ते घरातच.

"अन् मधेच रडलं तर?" आजी विचारते.

"रडायची वाट बघायचीच नाही. रडण्यातही दम जातो. मूठ चोखायला लागलं, तोंड वळवायला लागलं, की घ्यायचं. आणि ओठ निळे पडले, दूधच घेईना, किंवा श्वास मिनिटाला साठावर गेला, तर घड्याळ सोडून थेट इकडे यायचं."